शंभर रुपये मिळकतीचा दुकानदार



व्यापाराचा इतिहास लिहिणारे ग्रंथकार बहुधा पेढ्यांचा, गिरण्यांचा आणि गलबतांचा इतिहास लिहितात. तालुक्याच्या पेठेत तेलमीठ विकणारा वाणी, कासार, तांबोळी, शिंपी, चार माग चालविणारा साळी, यांची नावे त्या ग्रंथांत क्वचितच आढळतात. ती आढळतात सरकारी कागदांत, आणि तीही सरकारला त्यांच्याकडून काही घ्यावयाचे असते तेव्हा. आज मी ज्या दुकानदाराविषयी बोलणार आहे तो असाच एका कराच्या कागदांत सापडतो. साल १८७८. त्याची वर्षाची मिळकत १०० रुपये. महिन्याचा हिशेब केला तर ८ रुपये ५ आणे ४ पै. एवढ्या मिळकतीच्या माणसाने धंदा करण्यासाठी सरकारचा परवाना घ्यावा आणि त्याबद्दल दरसाल कर द्यावा, असा कायदा मुंबई इलाख्यात त्या साली झाला. पुढे त्या दुकानदाराची सुटका झाली. परंतु ती कोणी केली, कशी केली, आणि त्याचा स्वतःचा त्यात किती हात होता, हे पाहण्याजोगे आहे.

दुकानदाराने सरकारपुढे आपले म्हणणे मांडावे ही कल्पना काही इंग्रजांनी आणलेली नव्हे. आपल्याकडे पेठ वसवावयाची म्हणजे शेटे आणि महाजन हे वतनदार लागत. पेठेतल्या वाण्याउदम्यांच्या वतीने सरकारशी बोलायचे ते यांनी. नवी पेठ वसवताना सरकार कौल देई. काही वर्षे जकात माफ, पट्टी माफ, असे त्यात स्पष्ट लिहिलेले असे. हा कौल म्हणजे एक प्रकारचा करारच होता. सरकारला पेठ हवी होती आणि व्यापाऱ्याला सवलत हवी होती, म्हणून बोलणे जमत असे. ही व्यवस्था फार उदार होती असे मी म्हणत नाही. पेशवाईत मोहतर्फा नावाची पट्टी दुकानांवर, मागांवर आणि कारागिरांवर होतीच, आणि शेट्यामहाजनांचे लक्ष आपल्या वतनाच्या हक्काकडे अधिक असे. तरी पण बोलावयाचे कोणी आणि कोणाशी, हे ठरलेले होते.

कंपनीचे राज्य आल्यावर मोहतर्फा राहिला, पण शेट्यामहाजनांचे बोलणे संपले. कलेक्टर इंग्रजीत लिहून घेई, इंग्रजीत वर पाठवी, आणि निर्णय कलकत्त्याहून येई. मग दुकानदाराजवळ एकच साधन उरले, ते म्हणजे दुकान बंद करणे. या साधनाचा प्रयोग सुरतेने जितका केला तितका पश्चिम हिंदुस्थानात दुसऱ्या कोणत्या शहराने केला नसेल. १८४४ साली सरकारने मुंबई इलाख्यातील मोहतर्फा आणि अंतर्गत जकाती उठविल्या. काम स्तुत्य होते. पण ती तूट भरून काढण्यासाठी मिठावरील कर मणामागे आठ आण्यांवरून एकदम एक रुपया केला. सुरतेत दंगा झाला, दुकाने बंद झाली आणि शेवटी सरकारने कर बारा आण्यांवर आणला. चार वर्षांनी, १८४८ साली, बंगाली वजने-मापे सुरतेत चालू करण्याचा हुकूम निघाला. पुन्हा दुकाने बंद. तो हुकूम सरकारने मागे घेतला. या दोन विजयांनी सुरतेच्या बाजाराला असे वाटले असावे की, दुकानाला कुलूप घातले की कायद्यालाही कुलूप बसते.

तसे नव्हते. १८५७ च्या उठावानंतर राज्यकर्त्यांचे मन पालटले होते. १८६० साली जेम्स विल्सन यांनी हिंदुस्थानात पहिला प्राप्तिकर आणला. २०० ते ५०० रुपये मिळकतीवर शेकडा दोन आणि त्यापुढे शेकडा चार असा तो होता. सुरतेने दुकाने बंद केली. यावेळी सरकारने पुढाऱ्यांना धरले आणि बंद मोडून काढला. पण दोनच वर्षांनी सरकारने आपण होऊन ५०० च्या आतील मिळकतीवरचा कर सोडून दिला. त्याचे कारण बाजाराचा रोष एवढेच नव्हते. लहान लहान मिळकतींची चौकशी करण्यात त्रास मोठा आणि उत्पन्न थोडे, असे अनुभवास आले होते. बहुसंख्य करदाते सुटले आणि तिजोरीला त्या मानाने थोडीच झळ लागली. हा १८६२ चा धडा सोळा वर्षांत सरकार विसरले. सरकारी दप्तरात सर्व काही लिहिलेले असते, पण ते पुन्हा उघडून कोणी वाचीत नाही, याचा हा एक नमुना.

आता १८७८ सालाकडे येऊ. मागची दोन वर्षे दक्षिणेत घोर दुष्काळ पडला होता. माणसे मेली, जनावरे मेली, गावे ओस पडली. पुढच्या दुष्काळासाठी आधीच शिल्लक टाकावी म्हणून सर जॉन स्ट्रॅची या अर्थमंत्र्यांनी दरसाल दीड कोट रुपये बाजूला ठेवण्याची योजना केली, आणि त्या रकमेचा काही भाग व्यापार-उदीम करणाऱ्यांवरील परवाना-करातून उभा करण्याचे ठरले. हेतू वाईट नव्हता. मात्र हा कर दुकानदाराने भरावयाचा होता, कारागिराने भरावयाचा होता. सरकारी नोकराने भरावयाचा नव्हता, आणि वकील, डॉक्टर या धंदेवाल्यांनीही नाही. महिना हजार रुपये पगार घेणारा साहेब मोकळा, महिना पाचशे मिळविणारा वकील मोकळा, आणि महिना सव्वाआठ रुपये मिळविणारा तांबोळी करदाता! मोठ्या सावकारालाही कराची वरची मर्यादा ठरवून दिलेली होती. तेवढी रक्कम भरली की पुढची मिळकत कितीही असो. म्हणजे कराचे ओझे जो जो खाली जावे तो तो वाढत होते.

शिवाय १०० रुपये मिळकत ठरवायची कशी? मोठ्या पेढीला रोजकीर्द असते, खतावणी असते. किरकोळ दुकानदाराची वही म्हणजे उधारीच्या नोंदी. घरखर्च आणि दुकानखर्च एकाच गल्ल्यातून होतो. तेव्हा मामलेदाराच्या हाताखालचा कारकून पेठेतून फिरे आणि अंदाजाने आकडा घाली. तो आकडा चुकला असे वाटले तर अर्ज करावा, दुकान बंद ठेवून तालुक्याच्या गावी जावे, तारखा घ्याव्यात; आणि हे सर्व दोन-पाच रुपयांसाठी. अर्जाचा खर्च करापेक्षा जास्त. अशा स्थितीत गरीब माणूस कर भरतो किंवा कारकुनाशी परस्पर समजूत करतो. त्या समजुतीचे आकडे मात्र कोणत्याही दप्तरात सापडत नाहीत.

बेळगाव-धारवाडचे दुकानदार मुंबई इलाख्यात असल्यामुळे या कायद्याच्या कक्षेत होते. वडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथे संस्थानी राज्ये असल्यामुळे तो कायदा तेथे लागू नव्हता. तिकडच्या बाजारांचे त्यांच्या दरबारांशी जे काही असेल ते वेगळे.

एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात सुरतेची दुकाने बंद झाली. ५ तारखेला जमाव बिथरला, दंगल झाली, पोलिसांनी गोळी चालविली. पुढे काही गृहस्थांवर दंगलीला चिथावणी दिल्याबद्दल खटले झाले. त्यांच्या बचावासाठी मुंबईहून फिरोजशहा मेहता हे तरुण बॅरिस्टर गेले, आणि आरोपी निर्दोष सुटले. आरोपी सुटले, कर मात्र तसाच राहिला. वर्तमानपत्रांतून ओरड करावी, तर त्याआधी तीनच आठवडे, १४ मार्च १८७८ रोजी, लॉर्ड लिटन यांच्या सरकारने देशी भाषांतील पत्रांच्या मुसक्या बांधणारा कायदा एका बैठकीत मंजूर केला होता. इंग्रजी पत्रांना तो लागू नव्हता. दुकानदार जे पत्र वाचू शकत होता, नेमके तेच पत्र धाकात होते.

याच वेळी दुसरीकडे काय चालले होते ते पाहिले म्हणजे या गोष्टीचा खरा अर्थ कळतो. इंग्लंडातील लँकेशायरच्या गिरणीवाल्यांना हिंदुस्थानातील कापडावरची आयात जकात डाचत होती. त्यांचे मँचेस्टर येथे चेंबर होते, पार्लमेंटात सभासद होते, निवडणुकीत मते होती. १८७७ च्या जुलैत कॉमन्स सभेने ही जकात उठवावी असा ठराव केला. १८७९ च्या मार्चमध्ये लॉर्ड लिटन यांनी आपल्या कौन्सिलातील बहुमत बाजूला सारून जाड्याभरड्या विलायती कापडावरील जकात माफ केली. तिजोरीत दुष्काळासाठी पैसा नाही म्हणून तांबोळ्यावर कर, आणि त्याच तिजोरीतून मँचेस्टरला माफी! दरम्यान अफगाणिस्तानची लढाई सुरू झाली आणि दुष्काळाची म्हणून बाजूला ठेवावयाची रक्कम तिकडे ओढली गेली, अशी जाहीर टीका देशभर झाली. व्यापाऱ्याचे म्हणणे सरकारने ऐकू नये असा काही त्या सरकारचा नियम नव्हता. ते व्यापाऱ्याचे ऐकत होते. तो व्यापारी कोठला आणि केवढा, एवढाच प्रश्न होता.

मुंबईतही चेंबर ऑफ कॉमर्स १८३६ पासून होते. ते मुख्यतः युरोपियन पेढ्यांचे. गिरणीमालकांचा संघ १८७५ साली निघाला. किरकोळ दुकानदारासाठी असे काहीच नव्हते. त्याची जात-पंचायत होती, महाजन होते, देवस्थानच्या वर्गणीसाठी बाजारची बैठक होती. पण सरकारला इंग्रजीत अर्ज लिहील असे कोणी नव्हते. ही उणीव थोडीफार भरून काढण्याचा यत्न पुण्यात एका निराळ्याच कारणाने सुरू झाला होता. पर्वती देवस्थानच्या कारभाराविषयी लोकांत असंतोष होता. तो दूर करण्याच्या खटपटीतून २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. गणेश वासुदेव जोशी, ज्यांना आपण सार्वजनिक काका म्हणतो, ते तिचे प्राण. या सभेचा एक नियम मला फार महत्त्वाचा वाटतो. सभासद व्हावयाचे असेल त्याने किमान पन्नास प्रौढ माणसांच्या सहीचे मुखत्यारपत्र आणले पाहिजे. आरंभीचे ९५ सभासद सुमारे ६,००० लोकांची मुखत्यारपत्रे घेऊन आले होते. कौन्सिलात लोकनियुक्त प्रतिनिधी ही गोष्ट ज्या काळी कोणाच्या स्वप्नातही नव्हती, त्या काळी हा नियम झाला. "तुम्ही कोणाच्या वतीने बोलता?" असे सरकारने विचारले तर कागद दाखविता यावा, हा त्यातील मुद्दा. वकिली बाण्याचाच तो होता. काका स्वतः वकील होते.

सही करणारांत कोण कोण होते, त्यांत पेठेतले किती, याचा विचार केला म्हणजे या सभेची मर्यादाही दिसते. सभेत सरदार होते, इनामदार होते, सावकार आणि वकील होते. अर्ज लिहिणारे बहुधा तेच. १८७८ च्या परवाना-करातून वकील सुटला होता हे वर सांगितलेच. ज्याच्यावर कर नाही त्याने, ज्याच्यावर आहे त्याच्यासाठी लिहावयाचे. अशा लिखाणात कळकळ असू शकते, नाही असे नाही. पण आपली सूट सोडून देण्याची तयारी तो दाखवील का, ही खरी कसोटी होती. तिचे उत्तर मिळण्यास सात वर्षे लागली.

मधल्या काळात अर्धे काम सरकारनेच केले. १८८० साली परवाना-कराची किमान मर्यादा १०० वरून ५०० रुपयांवर नेण्यात आली. १८६२ सालचा तोच अनुभव पुन्हा आला होता, की दमडीच्या करासाठी रुपयाची वणवण. सुरतेचा गोळीबार आणि देशभरची कुरकुर यांचाही त्यात वाटा असणारच. पण निर्णय घेताना कोणी सुरतेच्या दुकानदाराला विचारले नाही. येथे इतिहासाच्या अभ्यासकाला एक गंमत सांगण्याजोगी आहे. त्या वेळी मुंबई इलाख्याची जिल्हावार गॅझेटियरे तयार होत होती. जिल्ह्यात भांडवलदार किती, व्यापारी किती, कोणाची मिळकत केवढी, याचे आकडे संपादकांनी परवाना-कराच्या कागदांतूनच घेतले. १८८० च्या आधीच्या कागदांत १०० ते १५० मिळकतीचे लोक मोठ्या संख्येने दिसतात. पुढच्या सालापासून ते कागदातून नाहीसेच होतात. कर गेला, हे चांगलेच झाले. पण त्या माणसांची मोजदादही त्याबरोबर संपली.

१८८५ च्या डिसेंबरात मुंबईस गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेजात ७२ मंडळी जमली. राष्ट्रसभेचे, म्हणजे काँग्रेसचे, ते पहिले अधिवेशन. ते खरे पुण्यास भरावयाचे होते. पटकीच्या साथीमुळे मुंबईस न्यावे लागले. जमलेल्यांत वकिलांचा भरणा मोठा होता. लष्करी खर्च वाढवू नये, आणि वाढविलाच तर तो कसा भागवावा, याविषयी त्यांनी ठराव केला. पहिला उपाय म्हणजे उठविलेल्या आयात जकाती पुन्हा बसवाव्या. दुसरा म्हणजे परवाना-कर आजवर ज्यांना माफ आहे अशा सरकारी आणि बिनसरकारी वर्गांवरही बसवावा, मात्र सर्वांच्याच बाबतीत किमान मर्यादा पुरेशी उंच ठेवावी. आपल्या राजकारणाच्या इतिहासात या अधिवेशनाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. नेमस्तांच्या अर्ज-विनंत्यांची थट्टाही पुष्कळ झाली आहे. पण स्वतःवर कर बसवा असे सांगणारा वकिलांचा हा ठराव फारसा कोणाच्या ध्यानात राहिलेला नाही. मला तर त्या अधिवेशनातील सर्वांत प्रामाणिक ठराव हाच वाटतो. वकील अर्ज लिहितो खरा, पण आपली सूट सांभाळून लिहितो, या आक्षेपाचे उत्तर त्यात होते.

पुढच्याच वर्षी, १८८६ साली, परवाना-कर जाऊन सर्व वर्गांना लागू असलेला प्राप्तिकराचा कायदा आला. साहेबाचा पगार, वकिलाची फी, दुकानदाराचा नफा, सर्व एका रांगेत आले. शेतीच्या उत्पन्नाला सूट राहिली. किमान मर्यादा ५००. ५०० ते ७५० मिळकतीच्या माणसाने वर्षाला १० रुपये भरावयाचे. काँग्रेसच्या ठरावामुळे हा कायदा झाला असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. ब्रह्मदेशाच्या लढाईचा आणि लष्कराचा खर्च सरकारच्या मानेवर बसला होता आणि पैसा हवा होता. परंतु कराचा आकार जो ठरला तो लोकांच्या मागणीशी जुळणारा होता.

तथापि ५०० ते १,००० या पट्ट्यातल्या लोकांचे हाल पूर्वीच्या १०० वाल्यांसारखेच होते. कारकुनाचा पगार कागदावर असतो, त्यामुळे त्याचा कर ठरतो. किराणा दुकानदाराची मिळकत पुन्हा कोणाच्या तरी अंदाजावर. १८८७ साली मद्रासच्या अधिवेशनात काँग्रेसने ठराव केला की, १,००० रुपयांच्या आतील मिळकतीवर करवसुलीचा अनुभव अत्यंत असमाधानकारक आहे, तरी मर्यादा १,००० वर न्यावी. या मागणीला सरकारने पंधरा वर्षे दाद दिली नाही. त्या पंधरा वर्षांत दख्खनवर १८९६ आणि १८९९ चे दोन दुष्काळ आणि प्लेग येऊन गेले. प्लेगच्या दिवसांत शहरे रिकामी झाली, आणि उठलेल्या बाजारात किरकोळ दुकानदाराचे काय झाले असेल ते सांगावयास नको.

अखेर हे गाऱ्हाणे योग्य ठिकाणी मांडले गेले ते २६ मार्च १९०२ रोजी, कलकत्त्यास, व्हाइसरॉयच्या कायदेकौन्सिलात. मांडणारे गोपाळ कृष्ण गोखले. ते सार्वजनिक सभेचे पूर्वीचे चिटणीस आणि रानडे यांचे शिष्य. अर्थशास्त्राचे धडे त्यांनी सभेच्या त्रैमासिकात काम करता करता घेतले होते. सरकार दरसाल अंदाजपत्रकात कोट्यवधींची शिल्लक दाखवी आणि ती भरभराटीची खूण म्हणून मिरवी. गोखल्यांनी उलट मांडणी केली. लोक दुष्काळाने आणि प्लेगने पिचलेले असताना सरकारजवळ शिल्लक उरते, याचा अर्थ कर गरजेपेक्षा जास्त घेतला जातो. तेव्हा मिठावरील कर कमी करावा, प्राप्तिकराची मर्यादा ५०० वरून १,००० करावी. आवाज चढवला नाही, विशेषणे वापरली नाहीत. सरकारच्याच छापील पुस्तकांतील आकडे सरकारपुढे ठेवले. पुढच्या वर्षी, १९०३ च्या अंदाजपत्रकात, मिठाचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला आणि प्राप्तिकराची मर्यादा १,००० झाली. सुरतेच्या गोळीबारापासून पंचवीस वर्षे झाली होती. दुकानदार स्वतः त्या सभागृहात कधी गेला नव्हता.

तो पुढेही फारसा गेला नाही. १९१९ च्या सुधारणांनंतर मुंबईच्या कौन्सिलात व्यापार-उद्योगासाठी राखीव जागा झाल्या. त्या चेंबर ऑफ कॉमर्सला, गिरणीमालकांच्या संघांना आणि १९०७ साली निघालेल्या इंडियन मर्चंट्स चेंबरला मिळाल्या. तालुक्याच्या पेठेसाठी त्यांत जागा नव्हती. लहान कारखानदार आणि व्यापारी यांनी आपले चेंबर काढावे ही कल्पना पुण्यात १९३४ साली मूर्त झाली. अनंत रामचंद्र भट यांच्या खटपटीने मराठा चेंबर स्थापन झाले. लघुउद्योगांसाठी अखिल भारतीय मंडळ केंद्र सरकारने नेमले ते त्यानंतर वीस वर्षांनी, १९५४ साली.

मर्यादेचा प्रश्न मात्र संपलेला नाही. आकडे तेवढे बदलले. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा बहुतेक राज्यांत वर्षाला २० लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्यास नोंदणीतून सूट होती. व्यापारी संघटनांनी निवेदने दिली, जागोजाग बैठका घेतल्या, आणि १ एप्रिल २०१९ पासून मालाच्या व्यापाऱ्यांसाठी ही मर्यादा ४० लाखांपर्यंत नेण्याची मुभा राज्यांना मिळाली. हा निर्णय ज्या परिषदेने घेतला तिच्यात केंद्राचे आणि राज्यांचे मंत्री बसतात. व्यापाऱ्यांची निवेदने तिच्यापर्यंत जातात ती अजूनही कोणाच्या तरी हातून, आणि ती लिहिणारा पुष्कळदा कर-सल्लागार असतो.